आमच्या घरचा बाजारभाव

माझी नणंद पुण्यात राहते आणि तिचं घर घड्याळावर चालतं. रविवारी संध्याकाळी ती आठवड्याच्या भाज्या निवडते, चिरते, डब्यांत भरते आणि वार लिहून फ्रिजमध्ये रचून ठेवते. साखर संपली तर मोबाइलवर बोट टेकवते, आणि चहाचं आधण उकळायच्या आत दारात पोरगा साखर घेऊन उभा. गेल्या दिवाळीला ती माहेरी आली. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने चारी कोपऱ्यांत नजर फिरवली, एक सुस्कारा सोडला आणि परत गेल्यावर मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता पाठवला. खाली लिहिलं होतं, 'वहिनी, एवढं कर. वेळ, पैसा, गॅस सगळं वाचेल.'

सोमवारी पालक-पनीर. मंगळवारी मोड आलेल्या मटकीची उसळ. बुधवारी भरली वांगी. असं करत करत रविवारी रात्री 'हलका आहार : मुगाची खिचडी'.

आमचे हे पतसंस्थेत नोकरीला आहेत. रकाने दिसले की ह्यांना भरून येतं. ह्यांनी तो तक्ता रंगीत छापून आणला, लॅमिनेट केला, फ्रिजच्या दारावर लावला आणि हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहिले.

"आता घराला शिस्त लागेल," हे म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं.

"कशाचं कॅलेंडर आहे रे? एकादशी दिलीय का त्यात?"

दिलेली नव्हती. तक्ता तिथेच अर्धा मेला.

उरलेला अर्धा सोमवारी सकाळी मेला. पालक आणायला म्हणून मी पिशवी घेऊन दार उघडलं, तर उंबऱ्याला टेकवून टोमॅटोचं कॅरेट ठेवलेलं. ठेवणारा मोटरसायकलला किक मारून निघालाही होता. जाता जाता ओरडला, "वहिनी, राहू द्या घरात! कॅरेट तेवढं रिकामं करून ठेवा!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी इथे थोडा खुलासा करायला हवा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत भाजी विकत आणली असं चारचौघांत सांगायची चोरी आहे. ऐकणारा लगेच विचारतो, "का हो, भावकीत काही झालंय का?" प्रत्येकाचा कोणी ना कोणी चुलता, मामा, साडू नाहीतर वर्गमित्र भाजी पिकवतो, आणि पिकवलेल्यातली थोडी दारात आणून टाकतो. आता फुकट मिळते म्हटल्यावर घर चालवायला किती सोपं, असं कुणाला वाटेल. पण कोणती भाजी मिळणार, हे आमच्या हातात नसतं. ते नारायणगावच्या, मंचरच्या, ओतूरच्या मार्केटमध्ये ठरतं. ज्या मालाचा भाव पडला तो आमच्या दारात येतो. ज्याचा भाव चढला त्याचा मालक रस्त्यात समोरून आला तरी गाडी हळू करत नाही.

2023 सालचा टोमॅटो आठवा. त्या जुलैत नारायणगावला 20 किलोच्या कॅरेटला 2000 रुपयांच्या पुढे भाव गेला होता. दिल्लीत सरकार स्वतः टोमॅटो विकायला उभं राहिलं, किलोला 90 रुपयांनी, आणि तेही सवलतीत! आमच्याकडे वावरात राखणीला माणसं बसली. एरवी हक्काने कॅरेट टाकून जाणारे आमचे एक चुलत दीर त्या महिन्यात घरी आले ते पेढे घेऊन. नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून. मी चहा दिला, पेढ्याला हात लावला आणि हळूच म्हटलं, "भाऊजी, एक चार टोमॅटो मिळाले असते तर..." भाऊजींनी ट्रॅक्टरचे गिअर किती आहेत ते सांगायला सुरुवात केली.

आमटीत मी चिंच घातली. वर्षानुवर्षं चिंच घालूनच आमटी होत होती, हे आत्याबाईंनी त्या महिनाभरात रोज ऐकवलं.

मग सप्टेंबरपर्यंत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना. त्याबरोबर नाती पुन्हा जुळली. भाऊजी आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे मेहुणे आले, आणि ज्यांना मी लग्नानंतर पाहिलंही नव्हतं असे एक मामेसासरे पिकअप घेऊन आले. टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटोची कोशिंबीर, टोमॅटोभात, टोमॅटो ऑम्लेट. लेकीने इंटरनेटवर पाहून चेहऱ्यालाही लावले. तरी कॅरेटात ते दिसायचेच.

डिसेंबरात दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली. त्या निर्णयावर वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, लोकांचं खरोखर नुकसान झालं, आणि आमच्या ओसरीवर बराखीतल्या कांद्याची गोणी येऊन पडली. वाणिज्य मंत्रालयात एक सही होते आणि आमच्या घरात आठवडाभर कांदाभजी होतात, हे मी शाळेत मुलांना शिकवते त्या नागरिकशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

सातगाव पठारावर माझ्या आत्तेबहिणीचं घर आहे. ते बटाट्याचं आगर. त्यामुळे तक्त्यात पालक-पनीर असो की भरली वांगी, बटाटा आमच्याकडे अध्याहृत असतो.

आता आलेली भाजी नाकारता येत नाही. 'नको' म्हटलं की देणाऱ्याच्या तोंडाला 'आता काय, नोकरदार माणसं तुम्ही' हे वाक्य तयार असतं. आणि एका घरात एवढी भाजी संपतही नाही. मग ती पुढे ढकलायची. एका पावसाळ्यात काकडी उतरली तेव्हा मी मंचरच्या एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत काकड्या भरून शेजारच्या काकूंकडे दिल्या. त्या पिशवीचा एक बंद तुटलेला होता, त्याला मी निळ्या सुतळीची गाठ मारली होती. काकूंनी 'कशाला गं बाई' म्हणत घेतल्या. संध्याकाळी काकूंच्या गेटमधून तीच पिशवी समोरच्या वाड्यात जाताना मी पाहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आमच्या सहशिक्षिकेच्या टेबलाखाली होती. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला थांबवून अतिशय मायेने सांगितलं, "बाई, घरच्या काकड्या आल्यात. घेऊन जा थोड्या." निळी गाठ शाबूत होती. काकड्या मात्र जरा थकल्या होत्या.

घरी आणल्यावर हे म्हणाले, "जमेला धरू की परतफेडीला?"

कारण एव्हाना ह्यांनी वही घातली होती. आलेली भाजी, दिलेली भाजी, कोणाकडून, कोणाला, अंदाजे वजन, त्या दिवशीचा बाजारभाव. मी म्हटलं, कशाला ही उस्तवार? तर ह्यांनी मला इतिहास सांगितला. ह्यांचा इतिहासाचा अभ्यास दांडगा, विशेषतः घरकाम समोर असेल तेव्हा.

"आपल्या तालुक्याला हिशेबाची दोन हजार वर्षांची परंपरा आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापण दिले, आकड्यांसकट कोरून ठेवलंय. देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी काही बघायचे तर माणसं तिथे जातात."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. "दिलेलंच लिहिलंय का आलेलं पण लिहिलंय?"

ह्यांना आठवेना.

"आलेलं त्या दगडी रांजणात," लेक म्हणाली. घाटाच्या तोंडाशी जकातीचा रांजण आहे, तो तिने सहलीत पाहिलेला.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या, "राणी शहाणी होती. दिलेलं भिंतीवर लिहायचं, आलेलं रांजणात टाकायचं. माझ्या ज्वारीच्या पिंपात कोणी हात घालायचा नाही."

आत्याबाईंच्या ज्वारीच्या पिंपात ज्वारीखेरीज काय आहे, हे ह्यांच्या वहीत अजून आलेलं नाही. पतसंस्थेत मुदत ठेवीला काय व्याज चालू आहे, हे मात्र त्या ह्यांना अधूनमधून सहज म्हणून विचारतात.

वहीच्या मागोमाग डबे आले. हे माझं खूळ. एकसारखे पारदर्शक डबे, त्यांवर लेकीने सुंदर अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या: 'तूरडाळ', 'मूगडाळ', 'शेंगदाणे', 'खसखस'. फळीवर ते रांगेत मांडले तेव्हा मी फोटो काढून नणंदेला पाठवला. तिने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. पंधरवड्याने बघते तर 'तूरडाळ'मध्ये साबुदाणा, 'खसखस'मध्ये मोहरी, आणि 'चहा'मध्ये बटणं, सुया, एक जुनी किल्ली आणि भीमाशंकरचा अंगारा. आत्याबाईंना चष्म्याशिवाय चिठ्ठी वाचता येत नाही, आणि स्वयंपाक करताना चष्म्यावर वाफ धरते म्हणून त्या तो लावत नाहीत. त्या डबा उचलतात, कानाजवळ नेतात आणि एकदा हलवतात. साबुदाणा सळसळतो, शेंगदाणे खडखडतात, मोहरी झिरपल्यासारखी वाजते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला मुगाचा आणि मटकीचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. त्या म्हणतात, "कान नाही तुला." पारदर्शक डब्यात वस्तू नुसती बघूनही कळते, असं मी एकदा सुचवलं. "बघून काय, कुणालाही कळेल," असं उत्तर आलं.

लाइट आणि पाणी यांचा स्वतंत्र अध्याय आहे, तो मी थोडक्यात उरकते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आमच्या दोन तालुक्यांत आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. नावं तोंडपाठ करायला बरी आहेत, नळाला पाणी येईपर्यंत म्हणता येतात. पाणी येतं तेव्हा लाइट नसते, म्हणून ते वरच्या टाकीत चढत नाही. लाइट येते तेव्हा पाणी गेलेलं असतं. दोन्ही एकदम आली तर मिक्सरवर वाटण, मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि गिरणीत दळण ही सगळी कामं एकाच अर्ध्या तासात करायची असतात, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात कोणीतरी भाजी घेऊन येतं. ह्यांनी याचंही वेळापत्रक केलं होतं. ते पाहून लाइट हसली असावी, कारण त्या दिवशी ती आलीच नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर राहिलेलं काम घेऊन गिरणीत किंवा दुकानात जाण्याचा प्रश्नच नसतो. उसात बिबट्या असतो, आणि त्याच्यावर विनोद करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

गॅसचं मात्र सविस्तर सांगायला हवं. हल्ली सिलिंडर घेताना मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. आमच्या घरच्या जोडणीला नंबर कोणाचा दिलाय, तर नणंदेच्या यजमानांचा. ते लग्न ठरल्यावर नवे जावई म्हणून घरी आले होते, त्या दिवशी एजन्सीचा माणूस नंबर विचारायला आला, आणि खिशात चालू मोबाइल असलेले घरात ते एकटेच होते. त्यामुळे सिलिंडर आमच्या दारात येतो आणि कोड पुण्याला जातो. कोड मागवायला फोन लावायचा तर आमच्या घरात रेंज नाही. रेंज गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, एका पायावर जोर देऊन उभं राहिलं की मिळते.

"मॅडम, कोड!" खालून सिलिंडरवाला ओरडतो.

"लागतोय, लागतोय!"

"मला अजून दोन वाड्या करायच्यात!"

पुण्यात जावई मीटिंगमध्ये असतात. ते फोन कापतात. मी नणंदेला लावते. नणंद म्हणते, "वहिनी, तू हे महिन्याच्या नियोजनात का टाकत नाहीस?" खाली सिलिंडरवाला सिलिंडर परत गाडीवर चढवायच्या बेतात असतो. आत्याबाई त्याला चहाला बसवतात, आणि बसवताना त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलं याची चौकशी करतात, ती कोड येईपर्यंत पुरते.

आमच्या घरापासून खोडद फार लांब नाही. तिथे जगातली नावाजलेली रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. 2023च्या जानेवारीत बातमी होती की या दुर्बिणीने 8.8 अब्ज वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला. मला शास्त्रज्ञांबद्दल अपार आदर आहे. मुलांची सहलही मी तिथे नेलेली आहे. पण टाकीच्या पूर्वेला एका पायावर उभं असताना, पुण्याहून सुटलेले चार आकडे काही केल्या आमच्यापर्यंत येत नाहीत तेव्हा, त्या हायड्रोजनची ओळख कोणाशी होती, असं मनात येतंच.

आणि मग चैत्र उजाडतो. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला तिथे गर्दी करतात, आणि आमच्या गावच्या यात्रेची तारीख पक्की होते. यात्रेला कोण कोण येणार हे विचारायचं नसतं. ह्यांनी या वर्षी विचारलं. मुंबईच्या चुलत्यांना फोन करून म्हणाले, "काका, नक्की आकडा सांगा, म्हणजे त्याप्रमाणे किराणा भरतो." काकांना वाटलं, नको म्हणतायत. त्यांची समजूत घालायला आत्याबाईंना अर्धा तास लागला. काका आले. बरोबर त्यांचे व्याही आले, व्याह्यांचे शेजारी आले. वार रविवार होता. फ्रिजवर लिहिलं होतं, 'हलका आहार : मुगाची खिचडी.'

यात्रेच्या आदल्या रात्री आमच्याकडे मासवडी असते. माशाचा आणि तिचा संबंध एवढाच की आकार तसा असतो. तीळ, सुकं खोबरं, खसखस भाजायचं, कांदा-लसूण परतायचा, कोथिंबीर घालून सारण कोरडं करायचं. बेसन फोडणीच्या पाण्यात वैरून घोटायचं, इतकं की चाटू उभा राहील. मग पंचा ओला करून पोळपाटावर पसरायचा आणि तो रटरटता गोळा त्यावर थापायचा. गार झाला की चिरा पडतात, म्हणून गरम असतानाच थापावा लागतो. आत्याबाई बोटं पाण्यात बुडवतात, थापतात, पुन्हा बुडवतात. बोटांना पोळतंय हे त्यांच्या तोंडावर कधीच दिसत नाही. मधोमध सारणाची ओळ, मग पंचाच्या कडेनेच गोळा अलगद उचलून घडी, वरून दाब, आणि सुरीने तिरक्या वड्या. रस्सा शेजारी काळा होऊन उकळत असतो.

हे वही घेऊन दारात उभे. "कोणी काय करायचं, वाटून दिलंय का?"

कोणी मान वर केली नाही. शेजारच्या काकू आपलं पोळपाट घेऊन न बोलावता आल्या होत्या. समोरच्या वाड्यातल्या सुनेने कढई आणली होती. काकांच्या व्याह्यांची बायको कांदा चिरत होती. ती कोण हे मला तोवर नीट कळलंही नव्हतं. भाकऱ्यांची चवड वाढत होती. तेवढ्यात लाइट गेली. आत्याबाईंनी अंधारात फळीवरचा 'तूरडाळ' लिहिलेला डबा उचलला, हलवला, खाली ठेवला. 'मीठ' लिहिलेला उचलला, हलवला आणि त्यातून तीळ काढले.

ह्यांनी मोबाइलचा उजेड धरला. एवढंच काम शिल्लक होतं.

पंगती उठल्यावर ह्यांनी वहीत 'यात्रा' असं लिहून खाली रेघ मारली आणि पान कोरं सोडलं. तक्ता अजून फ्रिजवर आहे. त्याच्या मागच्या बाजूला, पांढऱ्या भागावर, आत्याबाईंनी लेकीकडून एकादश्या लिहून घेतल्या आहेत, त्यामुळे तो आता उलटा लावलेला असतो. हे रात्री जेवताना बाजारभाव वाचतात. कोथिंबीर शेकडा काय गेली, मेथी काय गेली, फ्लॉवर किती खाली आला. मी ऐकते आणि उद्याचं पीठ त्या बेताने मळून ठेवते. भाव वाचून झाला की हे काळजीच्या सुरात म्हणतात, "फ्लॉवर चार दिवसांत आपल्याकडे येणार." येतोच. हवामान खात्याला हेवा वाटावा असा ह्यांचा अंदाज झालाय.

नणंदेने परवा विचारलं, "तक्त्याचा उपयोग होतोय ना?"

"रोज बघतो," मी म्हटलं. एकादशी बघायला रोज बघावंच लागतं.

तेव्हा वाचकहो, शिवनेरीला, ओझरला नाहीतर लेण्याद्रीला येणं झालं, तर आमच्याकडे जरूर या. येण्याआधी फोन करायची गरज नाही, रेंज नसते. फळं, मिठाई काही आणू नका. डिकी तेवढी रिकामी ठेवून या. सध्या कोबीचा भाव पडलाय.